टोपीतला हात आणि तेवीस पौंड

क्रिस्प हा घोडा १९७३ ची ग्रँड नॅशनल हरला. जिंकला तो रेड रम. निकालाच्या नोंदीत एवढंच आहे. आणि तरीही त्या शर्यतीचा विषय निघाला की ओठांवर पहिलं नाव येतं ते हरलेल्या घोड्याचं. पन्नास वर्षं उलटून गेली. ती शर्यत पाहिलेली पिढी म्हातारी झाली, तिच्यावर भरपूर लिहून झालं, चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवून झाली, आणि या सगळ्यातून एक लोकमत पक्कं बसलं : क्रिस्पवर अन्याय झाला. त्याच्या पाठीवर रेड रमपेक्षा तेवीस पौंड, म्हणजे जवळपास साडेदहा किलो, जास्त वजन होतं. हे वजन नसतं तर तो सहज जिंकला असता. म्हणजे खरा विजेता तोच, आणि त्याला हरवलं ते घोड्याने नव्हे तर हँडिकॅपच्या नियमाने. या मतामागची माया मला कळते, पण मत मला पटत नाही. त्या तेवीस पौंडांनी क्रिस्पकडून काही हिरावून घेतलं नाही. तो किती मोठा घोडा होता हे आपल्याला आज नेमकं सांगता येतं, ते त्या तेवीस पौंडांमुळेच. हे मत मांडण्यासाठी आधी ती शर्यत नीट पाहायला हवी, आणि मग हँडिकॅप नावाची चीज मुळात काय आहे तेही.

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर ३१ मार्च १९७३ रोजी अडतीस घोडे सुटले. ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत आहे. त्या काळी तिचं अंतर चार मैल ८५६ यार्ड होतं, म्हणजे सव्वासात किलोमीटरच्या आसपास. वाटेत तीस उड्या. दोन फेऱ्या मारायच्या, आणि शेवटची उडी झाल्यावर विजयखांबापर्यंत ४९४ यार्डांची सपाट, लांबलचक धाव. या धावेत मध्यावर एक वळण आहे, त्याला 'एल्बो' म्हणजे कोपर म्हणतात. तिथे घोड्याला उजवीकडे घ्यावं लागतं. एरवीच्या रेसकोर्सवर शेवटची उडी पार केली की घोडा घरी पोचल्यासारखाच असतो. एन्ट्रीला तसं नाही. तिथे शेवटच्या उडीनंतर साडेचारशे मीटर उरलेले असतात आणि अनेक नॅशनल त्याच पट्ट्यात फिरल्या आहेत.

क्रिस्प ऑस्ट्रेलियातून आलेला, सतरा हातांपेक्षा उंच, गडद रंगाचा धिप्पाड घोडा. मालक सर चेस्टर मॅनिफोल्ड हे व्हिक्टोरिया राज्यातल्या राजकारणातलं आणि मेलबर्नच्या रेसिंगमधलं बडं प्रस्थ. इंग्लंडमध्ये घोडा फ्रेड विंटर यांच्या तबेल्यात होता, आणि विंटर यांना नॅशनल म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती : जॉकी म्हणून दोनदा आणि ट्रेनर म्हणून दोनदा त्यांनी ती जिंकली होती. क्रिस्पने १९७१ मध्ये चेल्टनहॅमची दोन मैलांची चॅम्पियन चेस पंचवीस लांब्यांनी मारली होती. लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी, साधारण अडीच मीटर. पंचवीस लांब्या म्हणजे दुसरा घोडा दृष्टीच्या टप्प्यातच नसणं. पण दोन मैल हे उड्यांच्या शर्यतीत कमी अंतर मानतात. साडेचार मैलांना हा टिकेल का, हा प्रश्न रास्त होता. जॉकी रिचर्ड पिटमन यांनी त्याला उत्तर दिलं ते पुढे निघून जाऊन. पहिल्या फेरीतच क्रिस्पने आघाडी घेतली. मागून त्यातल्या त्यात जवळ असलेला ग्रे सॉम्ब्रेरो 'द चेअर' या सगळ्यांत उंच उडीवर पडला, आणि त्या क्षणापासून क्रिस्प एकटा उरला. मागे वळून पाहावं तर वीसेक लांब्यांपर्यंत कुणी नाही. इतर घोडे ज्या उड्यांवर अडखळत होते, कोसळत होते, त्या उड्या हा घोडा पायरी ओलांडावी तशा ओलांडत होता. दुसऱ्या फेरीत गर्दीतून एकच घोडा सुटून मागे लागला. त्याच्यावर ब्रायन फ्लेचर होते, आणि घोडा होता रेड रम.

शेवटच्या उडीला क्रिस्प जवळपास पंधरा लांब्या पुढे होता. मग ती ४९४ यार्डांची धाव आली. घोड्याचे पाय जड झाले. पिटमन यांनी उजव्या हातात चाबूक घेऊन त्याला हाकलायचा प्रयत्न केला, तसा तो डावीकडे भरकटला. जिथे उजवीकडे वळायचं होतं तिथेच. त्याला पुन्हा सरळ करण्यात वेळ गेला. मागून रेड रम एका लयीत येत होता. क्रिस्पने उडीनंतरचे साडेचारशे मीटर कापले तेवढ्याच वेळात रेड रमने त्यापेक्षा सदतीस-अडतीस मीटर जास्त कापले, आणि खांब दोन ढांगांवर असताना तो पुढे गेला. फरक पाऊण लांबीचा. वेळ नऊ मिनिटं १.९ सेकंद. यापूर्वीचा विक्रम १९३४ मध्ये गोल्डन मिलरचा, नऊ मिनिटं २०.४ सेकंदांचा होता. एकोणचाळीस वर्षांचा विक्रम साडेअठरा सेकंदांनी मोडला, आणि तो एकट्या विजेत्याने नव्हे, हरलेल्या क्रिस्पनेही मोडला. क्रिस्पच्या पाठीवर बारा स्टोन होते, म्हणजे ७६ किलो. रेड रमच्या पाठीवर दहा स्टोन पाच पौंड, म्हणजे ६६ किलोंच्या आत.

आता हँडिकॅप. हा शब्द 'हँड इन कॅप' यावरून आला, म्हणजे टोपीतला हात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये या नावाचा एक देवघेवीचा खेळ होता. दोघांना आपापल्या वस्तू अदलाबदल करायच्या असत. एकाचा झगा, दुसऱ्याचं घड्याळ असं काहीतरी. दोन्हींची किंमत सारखी नसणार, म्हणून तिसरा माणूस पंच म्हणून बसे आणि फरक किती ते सांगे : झगेवाल्याने वर इतके पैसे द्यावेत. मग दोघेही आपला हात टोपीत घालत आणि एकदम बाहेर काढत. हातात नाणं दिसलं म्हणजे पंचाचा निवाडा मान्य, मूठ रिकामी म्हणजे अमान्य. दोघांना मान्य असेल तरच सौदा. पुढे हीच रीत दोन घोड्यांच्या पैजेत आली. सरस घोड्याने किती वजन जास्त वाहायचं ते पंच ठरवी आणि दोन्ही मालकांनी हात दाखवला तर शर्यत होई. शब्दाच्या पोटातच दोन गोष्टी आहेत : त्रयस्थाने केलेलं मोल, आणि ते मोल मान्य करणाऱ्यांची संमती. शिक्षा ही कल्पना त्यात कुठेच नाही.

आपल्याकडे मुलांच्या खेळात याचं उलटं रूप आहे. घरातलं सगळ्यांत लहान पोर खेळायचा हट्ट धरतं, तेव्हा त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, त्याच्यावर राज्य आलं तरी द्यायचं नाही. यात माया आहे, पण खेळ नाही. लिंबूटिंबूने कुणाला खरोखर हरवलं असं कुणी मानत नाही, खुद्द लिंबूटिंबूही मानत नाही. हँडिकॅपमध्ये दुबळ्याला नियमातून सूट नसते. सगळ्यांना तीच तीस कुंपणं, तेच अंतर, तोच खांब. बदलतं ते फक्त एक, आणि तेही मोजता येतं, काट्यावर दाखवता येतं. शर्यतीआधी जॉकी खोगिरासह वजनकाट्यावर बसतो. कमी भरलं तर शिशाचे पत्रे खोगिराखालच्या कापडात सरकवतात. शर्यत संपल्यावर पुन्हा काटा. तिथे कमी भरला तर जिंकलेली शर्यत हातची जाते. रेड रमला कुणी लिंबूटिंबू म्हणून घेतलेलं नव्हतं. त्याचं मोल दहा स्टोन पाच पौंड ठरलं होतं आणि क्रिस्पचं बारा स्टोन, एवढंच.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांना हे दोन प्रकार वेगळे सांगायला नकोत. फेब्रुवारीतली इंडियन डर्बी ही २४०० मीटरची शर्यत ठरलेल्या वजनाची असते. तिथे घोड्याच्या आधीच्या कामगिरीवरून वजन कमीजास्त होत नाही, आणि प्रश्न सरळ असतो : या पिढीतला सर्वांत चांगला घोडा कोणता? पण मोसमभर ज्या शर्यती होतात त्यातल्या बऱ्याचशा हँडिकॅप. घोड्याला रेटिंग, रेटिंगवरून वर्ग, आणि वर्गात रेटिंगप्रमाणे वजन. तिथे प्रश्न वेगळा असतो : या घोड्यांमध्ये नेमका किती फरक आहे? डर्बी क्रम सांगते, हँडिकॅप अंतर सांगते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घोटाळा होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावल्याने, आणि क्रिस्पच्या बाबतीत हाच घोटाळा झाला आहे. हँडिकॅपच्या निकालाला लोक डर्बीचा निकाल समजून वाचतात, मग तो अन्याय्य वाटणारच.

ग्रँड नॅशनल १८३९ पासून धावली जाते आणि १८४३ पासून ती हँडिकॅप आहे. म्हणजे १९७३ मध्ये या नियमाला एकशे तीस वर्षं होऊन गेली होती. वजनांची यादी शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी लागते. ज्या मालकाला आपल्या घोड्याचं वजन पटत नाही त्याने नाव काढून घ्यावं, दरवर्षी घेतातही. विंटर आणि मॅनिफोल्ड यांनी बारा स्टोन पाहिले, रेड रमच्या नावापुढचे दहा स्टोन पाच पौंडही पाहिले, आणि टोपीतून हात काढला तेव्हा त्यात नाणं होतं. विंटर यांच्याइतका जाणता माणूस फसला असं म्हणायला काहीच आधार नाही. आणखी एक साक्षीदार आहे, सट्टाबाजार. त्या दिवशी शर्यत सुटताना क्रिस्प आणि रेड रम दोघेही नवास एक या भावाने संयुक्त फेव्हरिट होते. पैसे लावणाऱ्या हजारो लोकांनी घोडे पाहिले, वजनं पाहिली, जमीन पाहिली आणि निष्कर्ष काढला की या वजनांत हे दोघे बरोबरीचे आहेत. सव्वासात किलोमीटर आणि तीस उड्यांनंतर त्यांच्यात उरलं पाऊण लांबी. हँडिकॅप ठरवणाऱ्याला यापेक्षा अचूक मोल कधी करता आलं असेल असं मला वाटत नाही.

हे अचूक मोल क्रिस्पविषयी काय सांगतं ते पाहा. लांब पल्ल्याच्या उड्यांच्या शर्यतीत एक पौंड म्हणजे ढोबळमानाने एक लांबी असा हिशेब धरतात. तेवीस पौंड जास्त घेऊन तो पाऊण लांबीने हरला, म्हणजे सारख्या वजनात तो वीस लांब्यांहून अधिक सरस होता. त्या दिवसापुरतं तरी. हे वाक्य मला लिहिता येतं कारण वजनांतला फरक माहीत आहे. दोघे सारख्या वजनाने धावले असते आणि क्रिस्प वीस लांब्यांनी पुढे पोचला असता, तर ती एकतर्फी शर्यत म्हणून वहीत नोंदली गेली असती. शेवटच्या सपाटीत तो ढिला पडला असता, कुणी ढकललं नसतं, आणि त्याच्यात नेमकं किती होतं ते कळलंच नसतं. सहज जिंकणाऱ्या घोड्याची सीमा कुणाला दिसत नाही. क्रिस्पची सीमा दिसली. ती कुठे होती? जुन्या विक्रमाच्या अठरा सेकंद पलीकडे, ७६ किलो पाठीवर घेऊन.

त्या दहा किलोंचा अर्थ आकड्यापलीकडे समजून घ्यायला हवा. घोड्याच्या पाचशे किलोंच्या देहापुढे दहा किलो म्हणजे दोन टक्के, ते काय जाणवणार, असं सहज वाटतं. पण ते ओझं तीस वेळा उचलायचं आहे. एकेका उडीत ते मीटरभर वर गेलं असं धरलं तरी तीस मीटर झाले. दहा मजली इमारतीच्या गच्चीवर दहा किलो नेण्याइतकं जास्तीचं काम, तेही भरधाव वेगात, आणि प्रत्येक उडीनंतर ते पुन्हा पुढच्या पायांवर आदळणार. शेवटच्या साडेचारशे मीटरांत क्रिस्पचे पाय जे लटपटले त्यात हे सगळं साचलेलं होतं.

पण फक्त वजनानेच क्रिस्प थकला असता तर दुसऱ्या एका घोड्याचंही तेच व्हायला हवं होतं, आणि त्याची आठवण या वादात फारशी कुणी काढत नाही. लेस्कार्गो. त्यानेही त्या दिवशी बारा स्टोनच वाहिले. तो काही सामान्य घोडा नव्हता. १९७० आणि १९७१ ची चेल्टनहॅम गोल्ड कप त्याने जिंकली होती, म्हणजे ठरल्या वजनाच्या सर्वोच्च शर्यतीतला दोन वेळचा विजेता. तो तिसरा आला, पंचवीस लांब्या मागे. एखाद्या प्रयोगात दोन नमुने सारख्या परिस्थितीत ठेवावेत तशी ही सोय आपोआप झाली आहे : तेच वजन, तीच जमीन, तेच अंतर, तोच दिवस, आणि त्या पिढीतला नावाजलेला घोडा. त्याच्या पुढे क्रिस्प पंचवीस लांब्यांच्या आसपास होता. आणि बारा स्टोन हा आकडा तरी राक्षसी आहे का? गोल्ड कपला तेव्हा सगळेच घोडे बारा स्टोन वाहत. तिथे त्याला कुणी अन्याय म्हणत नसे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की रेड रमचं मोल चुकलं होतं. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, त्याने स्वतः बारा स्टोन घेऊन नॅशनल सात लांब्यांनी जिंकली. ज्याची लायकी बारा स्टोनांची, त्याला दहा स्टोन पाच पौंडांवर सोडणं ही चूक नव्हे तर काय? आक्षेप वजनदार आहे. त्याच १९७३ च्या नोव्हेंबरात डॉनकॅस्टरला हे दोघे सारख्या वजनाने भेटले आणि क्रिस्प आठ लांब्यांनी जिंकला. अन्यायवादी लोक हा निकाल आपला पुरावा म्हणून पुढे करतात. मला तो नेमका उलटा वाटतो. मार्चमध्ये वीस लांब्यांचा भासणारा फरक नोव्हेंबरात आठवर आला होता. अंतर कमी होतं, जिंकणाऱ्याने किती राखून ठेवलं ते सांगता येत नाही, हे मान्य. तरी रेड रम चढणीला होता हे त्यातून दिसतं. मग मोल चुकलं का? घोड्याचं मोल त्या दिवसापर्यंतच्या पुराव्यावर करतात. रेड रमचा तोवरचा पुरावा काय होता? कमी अंतराच्या सपाट शर्यतींसाठी जन्माला घातलेला घोडा. पहिली शर्यत १९६७ मध्ये एन्ट्रीलाच, पाच फर्लांगांची, तीही बरोबरीत सुटलेली. मग अनेक हात बदललेले. खुराच्या हाडाचा आजार. ऑगस्ट १९७२ मध्ये जिंजर मॅकेन यांनी नोएल ले मेअर यांच्यासाठी त्याला सहा हजार गिनींना घेतलं. मॅकेन हे साउथपोर्टला मोटारी विकणारे गृहस्थ. तबेला मोटारींच्या दुकानामागे, आणि घोडे पळवायचे ते समुद्राच्या वाळूवर. तिथल्या ओल्या वाळूने आणि खाऱ्या पाण्याने त्या आजारी पायांना बरं केलं असं सगळेच सांगतात. हा घोडा नॅशनलच्या इतिहासातला सर्वांत मोठा घोडा होणार आहे हे यादी लावताना कुणाला कळायला हवं होतं, असं म्हणणं म्हणजे पंचाकडून भविष्य मागणं आहे. आणि जर रेड रम इतका मोठा होता, तर क्रिस्प कुणाकडून हरला? हलक्या वजनाचा फायदा घेतलेल्या कुण्या फुटकळ घोड्याकडून नव्हे. हे दोन्ही सूर एकाच तोंडातून निघतात तेव्हा ते एकमेकांना खोडून काढतात.

दुसरा आक्षेप : वजनाने नव्हे, वेगाने घात केला. पिटमन यांनी घोड्याला आवरायला हवं होतं, आणि तो चाबूक उगारायला नको होता. पिटमन यांनी स्वतः त्या चाबकाचा दोष पुढे जन्मभर आपल्या माथी घेतला, उघडपणे आणि पुन्हा पुन्हा. त्यांचा तो मोठेपणा आहे, पण त्यांनी स्वतःला इतकं दोषी धरायचं कारण नव्हतं असं मला वाटतं. पाऊण लांबी म्हणजे दोन मीटरांहून कमी, सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा. नऊ मिनिटांच्या शर्यतीत एवढा फरक कशानेही पडला असता : एखादी उडी थोडी लांबून घेतली म्हणून, एखाद्या वळणावर हातभर बाहेरून गेला म्हणून. निकाल एका चाबकावर ठरावा इतकी बरोबरी होती, याचाच अर्थ वजनांनी आपलं काम चोख केलं होतं. वेगाचं म्हणाल तर क्रिस्प पुढे पळाला नसता तर तो क्रिस्प नसता, आणि रेड रमला विक्रम मोडायला पाठलागासाठी कुणी उरलं नसतं. त्या दिवशी जमीन टणक होती, विक्रमाला तिचा हातभार लागला, हेही खरं. पण टणक जमीन अडतीसही घोड्यांना मिळाली होती. तो विक्रम पुढे १९९० पर्यंत टिकला.

हँडिकॅप कधीच अन्याय करत नाही, असं मी म्हणत नाही. करतो, आणि त्याचंही उदाहरण लांब पल्ल्याच्या दुसऱ्या प्रसिद्ध शर्यतीत आहे. फार लॅप या घोड्याने १९३० ची मेलबर्न कप नऊ स्टोन बारा पौंड घेऊन जिंकली. पुढच्या वर्षी त्याला दहा स्टोन दहा पौंड दिले गेले. तो आठवा आला. जिंकला व्हाइट नोज, सहा स्टोन बारा पौंडांवर. दोघांत चोपन्न पौंडांचा फरक, साडेचोवीस किलो. त्या निकालातून ना फार लॅपविषयी काही कळलं, ना व्हाइट नोजविषयी. मोजपट्टी इतकी ताणली की ती तुटली. याच्या उलट १८९० ची मेलबर्न कप : एकोणचाळीस घोड्यांच्या गर्दीत कार्बाइनने दहा स्टोन पाच पौंड घेऊन अडीच लांब्यांनी विजय मिळवला, आणि दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नच्या पाठीवर त्रेपन्न पौंड कमी होते. हा हायबॉर्न पुढे भारतात आला आणि त्याने कलकत्त्याची व्हाइसरॉय कप जिंकली. म्हणजे ज्याला हरवलं तोही खराखुरा घोडा होता, आणि त्यामुळे कार्बाइनचं नाव आजही तितकंच मोठं आहे. एवढ्याच फरकाने एकदा थोरवी सिद्ध झाली आणि एकदा घोडा दबून गेला. म्हणजे फरकाच्या आकड्यावर सगळं अवलंबून नाही, वजन वाहणाऱ्याच्या आवाक्यात आहे की नाही यावर आहे. नॅशनलमध्ये बारा स्टोनांची वरची मर्यादा होती. ती होती म्हणूनच क्रिस्पचं ओझं मोजमापच राहिलं, दंड झालं नाही.

खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. टोपीत हात घातला तो मालकाने. घोड्याने नव्हे. पंचाचं मोल मान्य की अमान्य हे क्रिस्पला कुणी विचारलं नाही, आणि 'द चेअर'वर पडलेला ग्रे सॉम्ब्रेरो तर जिवानिशी गेला. संमतीवर उभा राहिलेला माझा युक्तिवाद इथे लंगडा पडतो, हे मला कबूल करायलाच हवं. मात्र हा आक्षेप कुणाच्या विरोधात आहे ते नीट पाहिलं पाहिजे. तो असमान वजनाच्या विरोधात नाही. सारख्या वजनाच्या शर्यतीतही घोड्याला कुणी विचारत नाही, आणि पडणारा घोडा वजन बघून पडत नाही. आक्षेप उड्यांच्या उंचीविरुद्ध आहे, गर्दीविरुद्ध आहे, अंतराविरुद्ध आहे, चाबकाविरुद्ध आहे. आणि त्या बाजूने गेल्या पन्नास वर्षांत जे बदल झाले ते या आक्षेपाच्या रेट्यानेच झाले : उड्या सौम्य केल्या, वरची वजनमर्यादा बारा स्टोनांच्या खाली आणली, २०२४ पासून घोड्यांची संख्या चौतीसवर आणली. ते पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही. क्रिस्पवर अन्याय झाला असेल तर तो शेवटच्या साडेचारशे मीटरांत थकल्या जनावराला चाबकाने हाकलण्यात झाला. 'तेवीस पौंडांनी घात केला' असं म्हणत बसल्याने त्या खऱ्या प्रश्नाकडे पाहायचं राहून जातं.

क्रिस्पला पुन्हा नॅशनल धावता आली नाही. त्या वर्षीची वजनं मात्र थांबली नाहीत, ती एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर फिरत राहिली. १९७४ मध्ये बारा स्टोन रेड रमवर आले आणि त्याने ते वाहून दाखवले, लेस्कार्गो दुसरा. १९७५ मध्येही रेड रमवर बारा स्टोनच होते आणि लेस्कार्गोवर अकरा स्टोन तीन पौंड. दोन वर्षांपूर्वी पंचवीस लांब्या मागे पडलेला लेस्कार्गो या वेळी पंधरा लांब्यांनी जिंकला, आणि रेड रमला दुसऱ्याची पाठ पाहत तीच ४९४ यार्डांची सपाटी संपवावी लागली. १९७६ मध्ये तो पुन्हा दुसरा. १९७७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, अकरा स्टोन आठ पौंडांवर तिसऱ्यांदा पहिला, पंचवीस लांब्यांनी. तिसऱ्या विजयानंतर एन्ट्री म्हणजे रेड रम असं समीकरणच झालं. ऑक्टोबर १९९५ मध्ये, तिशी गाठून तो गेला, आणि त्याला एन्ट्रीलाच, विजयखांबाजवळ पुरलं. खांबाच्या अलीकडे दोन ढांगांवर, जिथे १९७३ मध्ये क्रिस्प मागे पडला, ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.